सोवळ्यातलं इंजेक्शन

पेप्टाइड म्हणजे काय, हे मी वर्गात तासभर सांगते तरी पोरांना कळत नाही. बाबांना मात्र दोन मिनिटांत कळलं आणि तिथंच भानगड झाली.

आम्ही गंगेकाठी, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतो. बाबा भिक्षुकी करतात, मी विद्यापीठात पेप्टाइडं बनवते. म्हणजे अमिनो आम्लांचे मणी एकामागून एक ओवत बसायचं. बाबांची साखर भडकलेली, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली नाही तर अंगठा कापावा लागेल. मग पंचगंगा घाटाच्या त्या उभ्या पायऱ्या आणि रोजचं गंगास्नान विसरायचं. बाबांनी त्या धास्तीनंच हाय खाल्ली असती.

साखर उतरवायला आठवड्याला टोचायचं एक पेप्टाइड मिळालं, तर बाबा अडून बसले. पूर्वी इन्सुलिन डुकराचं असायचं, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं.

"अहो, यात कुठलंच जनावर नाही. सगळं यंत्रात होतं. माणसं हात धुऊन, तोंड बांधून, चपला बाहेर काढून आत जातात. धुळीचा कण पडला तरी सगळं फेकून देतात!" मी समजावलं.

"म्हणजे सोवळ्यातलं म्हण की!" बाबांनी लगेच पोट पुढं केलं.

मी फुशारले. पण आठवडे गेले तरी साखर ढिम्म हलेना. एका दुपारी फ्रीज उघडला तर इंजेक्शनाचं खोकं गायब. आईनं देवघराकडे बोट केलं. बाहेर उन्हाळ्याची भाजणारी लू चाललेली आणि खोकं गंगाजलाच्या तांब्याशेजारी, वर तुळशीपत्र वाहून, विराजमान!

"फ्रीजमध्ये तुझी अंडी असतात," बाबा म्हणाले. "सोवळ्यातलं औषध तिथं कसं ठेवणार?"

"अहो, उकाड्यानं नासलं ते! नुसतं पाणी टोचून घेताय तुम्ही!" मी किंचाळले आणि मग रडलेच.

अंडी गल्लीतल्या चहावाल्याला देऊन टाकली. बाबांनी मंत्र म्हणत फ्रीज गंगाजलानं पुसला. नवं खोकं वरच्या कप्प्यात गेलं. हळूहळू साखर उतरली, जखम सुकली, अंगठा वाचला.

गंगास्नान पुन्हा सुरू झालं, त्या पहिल्याच दिवशी बाबा घाटावरून ओल्या धोतरानं आले, हातात लांब धरलेली एक पिशवी.

"घे तुझी अंडी. तोंड बघ कसं उतरलंय. खालच्या कप्प्यात ठेव हं."

"बाबा, तुम्ही अंडी आणलीत?"

"आणली ना! आता शिवलो, परत आंघोळ आली," असं करवादत ते वळले आणि त्याच पायानं पुन्हा पंचगंगेच्या पायऱ्या उतरायला गेले.