ठैरोसाहेब

आमच्या वॉर्डात घाई सगळ्यांना होती, एका माणसाला सोडून. पेशंट स्ट्रेचरवरून खाटेवर येतो न येतो तोच डॉक्टर औषधं लिहून मोकळे, मी सिरिंज भरून तयार, नातेवाईक "जल्दी करो सिस्टर" म्हणत डोक्यावर मिरे वाटायला उभे. आणि नेमक्या त्याच वेळी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून हे गृहस्थ हात वर करायचे आणि म्हणायचे, "ठैरो." मराठी माणसाला "थांबा", तेलुगू माणसाला "आगंडी", आणि उरलेल्या सगळ्या हैदराबादला "ठैरो". म्हणून नाव पडलं ठैरोसाहेब. खरं नाव पगाराच्या यादीत असेल. आम्हाला ते कधी लागलं नाही.

ते आमच्या इमर्जन्सी वॉर्डाचे क्लिनिकल फार्मासिस्ट होते. हे पद म्हणजे काय, ते मला आधी कळलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? औषधवाला म्हटला की तो खाली काउंटरच्या जाळीआड असायचा, एवढंच मला माहीत. हे मात्र डॉक्टरांच्या मागोमाग राउंडला यायचे. पेशंटची फाइल वाचायचे, रक्ताचे रिपोर्ट बघायचे, कोणतं औषध कोणत्या औषधाशी भांडेल, या माणसाच्या किडनीला किती झेपेल, ते बघून डॉक्टरांना सांगायचे. एकदा एक तरुण डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "हे दुकानदार वॉर्डात कशाला?" ठैरोसाहेब शांतपणे म्हणाले, "दुकानदार विकतो, डॉक्टर. मी अडवतो." आणि पुढच्या खाटेकडे वळले.

ते गौलीगुड्यातल्या जुन्या मराठी घरातले. घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीच्या, पण हे औषधांत शिरले. मी मूळची परभणीकडची, लग्न होऊन मलकपेठला आलेली. माझ्याशी त्यांची ओळख झाली ती माझ्या तोंडामुळे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका वॉर्डबॉयवर मी मराठीत करवादले, त्याला कळू नये म्हणून. मागून आवाज आला, "अस्सल आहे हो. पुष्कळ दिवसांत कानावर पडली नव्हती. कुठल्या तुम्ही, ताई?" त्या दिवसापासून वॉर्डात मी एकटी त्यांची 'ताई' झाले. बाकी सगळ्यांशी ते दखनीत नाहीतर तेलुगूत, माझ्याशी मात्र मराठीतच. डबा खातानाही "अंबाडीची भाजी घ्या, ताई, इथले लोक तिला गोंगुरा म्हणून नासवतात," असं चिडवून पुढे करायचे.

त्यांचं खरं काम थैलीचं. आमच्याकडे माणूस दवाखान्यात येतो तो थैली घेऊन येतो. तिच्यात घरातली सगळी औषधं कोंबलेली असतात: चालू असलेली, बंद झालेली, शेजारणीनं दिलेली, हकीमसाहेबांच्या पुड्या, आणि त्यांतच सुपारीचा डबा आणि देवाचा अंगारा. डॉक्टर ती थैली उघडायचे नाहीत. विचारायचे, "कोणती गोळी चालू आहे?" आणि पेशंट सांगायचा, "वो छोटी वाली, गुलाबी." ठैरोसाहेब म्हणायचे, "अम्मा, थैली उलटी करो. पूरी. शरमाओ नक्को." मग खाटेवरच्या पांढऱ्या चादरीवर सगळा पसारा पडायचा, आणि हा पन्नाशीचा माणूस भातुकली मांडल्यासारखा गोळ्यांच्या रांगा लावत बसायचा.

एकदा एक किराणा व्यापारी चक्कर येऊन पडला म्हणून आणला. डोक्याचा फोटो काढायची तयारी झाली, घरच्यांनी रडारड मांडली. यांनी थैली उलटी केली, दोन स्ट्रिपा उचलल्या आणि माझ्यापुढे धरल्या. दोन कंपन्या, दोन नावं, रंग वेगळे, आत औषध एकच, ब्लडप्रेशरचं. एका डॉक्टरनं एक लिहून दिलेली, दुसऱ्यानं दुसरी, आणि हा प्रामाणिक माणूस दोन्ही घेत होता. ठैरोसाहेब त्याच्या बायकोला म्हणाले, "दूल्हा एकच है अम्मा, दो मंडपां में बिठाए तुम." रडणारी बाई हसायला लागली. माणूस दोन दिवसांनी चालत घरी गेला.

माझं त्यांच्याशी पटायचं असं नाही हं. माझ्या नाकावर राग, आणि त्यांचा स्वभाव चिकट. एकदा इंजेक्शन भरून मी उभी, आणि यांनी "थांबा, ताई" म्हणून किडनीचा रिपोर्ट येईपर्यंत मला चांगली ताटकळत ठेवली. मी म्हटलं, "साहेब, पेशंट मेला तर तुमच्या थांबामुळे मरेल." ते म्हणाले, "मरेल. पण आधी बघू तरी." रिपोर्ट आला. मी भरलं होतं तेवढं औषध त्या पोरीला गेलं असतं, तर तिच्या किडनीचं काही खरं नव्हतं. दुसरा कोणी असता तर महिनाभर मला टोमणे मारले असते. यांनी निम्मं औषध लिहवून घेतलं आणि चहाला गेले.

मग ते राज्याच्या वाटणीचे दिवस आले. रोज बंद, रोज मोर्चे, कोण इकडचा नि कोण तिकडचा याच्यावरून कँटीनमध्ये जुन्या मित्रांची तोंडं वाकडी. त्यात आमचा ट्रस्टचा दवाखाना एका कंपनीनं घेतला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! कोट-टायमधली मुलं घड्याळ घेऊन वॉर्डात फिरायला लागली. पेशंट आल्यापासून पहिलं औषध जाईपर्यंत किती मिनिटं लागतात, हे ती मोजत. आणि मिनिटं कुठे जातात, हे शोधायला शहाण्याची गरज नव्हती. ती थैलीत जात होती.

मी तेव्हा वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून मला वर केबिनमध्ये बोलावलं. इन्चार्ज सिस्टर यापुढे निम्म्याच ठेवायच्या आहेत, असं आधी सांगितलं. मग एक कागद पुढे सरकवला. फार्मासिस्टच्या तपासणीमुळे औषधाला उशीर होतो, असं त्यावर लिहिलेलं होतं. वाक्य खोटं नव्हतं. उशीर होतच होता. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं, नवऱ्याचा पाय अपघातात गेल्यापासून घर माझ्यावर. मी सही केली. आठवड्याभरात ठैरोसाहेबांना खाली काउंटरला बसवलं. नियम निघाला, फार्मासिस्टनं वॉर्डात यायचं नाही, शंका असली तर फॉर्म भरून वर पाठवायचा. ती सही माझी होती, हे त्यांना कळलं असणारच. मला भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "ताई, तुम्हाला मराठी वाचता येतं, तेलुगू समजतं. थैली आता तुम्ही उलटी करा." मी "हो" म्हटलं. चार दिवस केलीही. मग घड्याळवाला पोरगा शेजारी येऊन उभा राहायला लागला, आणि मी थैल्या गाठ मारून खाटेशेजारच्या कपाटात ठेवायला लागले.

जामबागच्या बाई आल्या त्या पावसाळ्यात. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. न्यूमोनिया, ताप, ग्लानी. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले. सुनेनं थैली दिली, मी कपाटात ठेवली. नव्या डॉक्टरनं जुन्या चिठ्ठीवरून सांध्यांची गोळी उतरवून घेतली. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. त्यानं रोज एक अशी लिहिली.

खाली काउंटरला मागणी गेली आणि ठैरोसाहेबांनी ती अडवली. डॉक्टरला फोन लावला, तो उचलेना. मग नियम मोडून ते जिना चढून वर आले. दारातच मला गाठलं. "ताई, सात नंबरची सांध्यांची गोळी रोज नाही, आठवड्याला एक. रोज गेली तर रक्त बनायचं थांबेल. डॉक्टरांना सांगा, फाइलवर बदलून घ्या. की फॉर्म भरू?" मी मागे बघितलं, घड्याळवाला नव्हता ना म्हणून. म्हटलं, "फॉर्म कशाला, साहेब? मी सांगते ना. तुम्ही जा, उगाच कोणी बघेल." त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

आणि त्याच मिनिटाला बस उलटलेल्यांची रांग दारात आली. नऊ माणसं, सगळी रक्तानं माखलेली. मी विसरले. नाही, याला दुसरा शब्द नाही. मी साफ विसरले. ठैरोसाहेबांची पाळी संपली, माझ्या शब्दावर विसंबून ते घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना मागच्या गोडाउनमध्ये टाकलं, तिथे वॉर्डाच्या मागण्या दिसत नव्हत्या. फाइलवर बदललेलं नाही म्हटल्यावर काउंटरवरच्या दुसऱ्या माणसानं गोळ्या वर पाठवल्या. पाच दिवस, रोज एक. त्यांतल्या दोन मी माझ्या हातानं दिल्या. सहाव्या दिवशी बाईंचं तोंड आतून सोलून निघालं, पाणीसुद्धा गिळवेना, आणि मला एकदम जिन्याजवळचं ते "नक्की?" आठवलं. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, गोळी बंद करा. मला हे आधी कोणी सांगितलं होतं, ते नाही सांगितलं. पुढच्या आठवड्यात बाई गेल्या.

सामान सुनेच्या हवाली करायचं म्हणून मी ती थैली काढली, आणि तेव्हा, सगळं संपल्यावर, चादरीवर उलटी केली. त्या गोळीच्या स्ट्रिपवर रबरबँडनं एक कागद गुंडाळलेला होता. वळणदार शाळामास्तरी अक्षर: 'फक्त रविवारी.' दहा दिवस तो कागद माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. आणि वाचायला मी होतेच.

चौकशी बसली. लांब टेबल, पलीकडे तीन साहेब, अलीकडे आम्ही. गोळ्या काउंटरवरून गेल्या, आणि मागणी पहिल्यांदा ठैरोसाहेबांच्या पाळीत आली होती, म्हणून प्रश्न त्यांना. ते म्हणाले, "मी अडवलं होतं. वर जाऊन सांगितलंही होतं."

"कोणाला?"

ठैरोसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो! राग असता तर मला सोपं गेलं असतं. खाटेच्या पायथ्याशी रिपोर्टची वाट बघत उभे राहायचे ना, तसे बघत राहिले. साऱ्या दवाखान्याला थांबवणारा माणूस तिथे माझ्यासाठी थांबला होता. मी एक वाक्य बोलायचं होतं. 'मला सांगितलं होतं.' बस. माझी मुलगी डोळ्यांपुढे आली, लग्नाला तीन आठवडे राहिलेले. मी तोंडात मिठाची गुळणी धरून टेबलाकडे बघत बसले.

शेवटी ते म्हणाले, "फॉर्म भरला नाही मी. चूक झाली." साहेबांनी लिहून घेतलं. महिनाअखेर ठैरोसाहेब गेले. निरोपसमारंभ नाही, हार नाही. मी त्या दिवशी रजा घेतली होती. माझी इन्चार्जची खुर्ची मात्र राहिली, निवृत्त होईपर्यंत. मुलीच्या लग्नात त्याच कोट-टायवाल्यांनी येऊन जेवणाची तारीफ केली.

आता मलाच ब्लडप्रेशर, मलाच शुगर. परवा मलकपेठच्या दुकानात एक गोळी मिळेना, म्हणून जामबागेत उतरले. औषधाच्या दुकानात गर्दी होती. माझा नंबर आला, वर बघितलं, तर काउंटरमागे ठैरोसाहेब. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, वाचली. मला ओळखलं. डोळ्यांत दिसलं ते. मग म्हणाले, "थैली है? उलटी करो."

मी काउंटरवर थैली उलटी केली. त्यांनी गोळ्यांच्या रांगा लावल्या, अगदी तशाच. एक स्ट्रिप बाजूला काढली. शुगरची एकच गोळी मी दोन नावांनी घेत होते, दोन महिने. चाळीस वर्षं नर्सिंग केलेली मी! त्यांनी ती स्ट्रिप माझ्यासमोर आडवी ठेवली, पेनानं तिच्यावर फुली मारली, डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. बाकीच्या गोळ्या कागदी पाकिटांत घालून प्रत्येकावर वेळ लिहिली. मराठीत. काही म्हणजे काही राहू दिलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, थांबा जरा. त्या दिवशी त्या टेबलावर मी..."

त्यांनी थैली माझ्याकडे सरकवली.

"पीछे लोगां खड़े हैं, अम्मा," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाच्या चिठ्ठीसाठी हात पुढे केला.