खिंडीतली हाळी

जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकले. त्याच दुपारी मावळातल्या एका ओढ्याकाठच्या खालच्या वाडीतली सगळी माणसे पुराआधी बाहेर पडली. नायक दिगंबर शेलार त्यात कामी आला. मी तेव्हा हवालदार होतो. आमच्या इंजिनिअर तुकडीचा रेडिओ माझ्याकडे होता.

आदल्या संध्याकाळी तुकडी लोणावळ्याहून कामशेतमार्गे पवनेच्या बाजूला आली. सकाळी नेहमीची कामे झाली. दोर तपासले, बोट फुगवून पाहिली, बॅटऱ्या चार्ज केल्या. सुभेदार साहेबांनी शेलारला दुसरा रेडिओ सेट देऊन डोंगरावरच्या खिंडीत पाठवले. खिंडीपलीकडे वरची वाडी आहे. ओढा तिथे सुरू होतो आणि डोंगराला वळसा घालून खालच्या वाडीपाशी येतो. वाडी ओढ्याच्या अलीकडे, शाळा आणि डांबरी रस्ता पलीकडे. मध्ये तेव्हा एक अरुंद साकव होता.

चक्रीवादळाचा पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. तो पट्ट्यापट्ट्यांनी येतो. एका डोंगरावर पट्टा तासन् तास थांबतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत राहते. हे ब्रीफिंगमध्ये सांगितले होते. त्या दुपारी ते डोळ्यांनी पाहिले. खालच्या वाडीत वारा होता, पाऊस नव्हता. भाताच्या वाफ्यांवरून राबाची राख उडत होती.

सेटवर शेलारचा आवाज आला.

"वर तुफान पाऊस. ओढा दगड घेऊन चाललाय. वाडी रिकामी करा. ओव्हर."

सुभेदार साहेब घरोघर फिरले. कोणी उठेना. सुंदराबाई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाडी त्यांचे ऐकत असे. मी त्यांच्याकडे गेलो.

"मावशी, निघा. पाणी येतंय."

"कुटनं? थेंब न्हाई. तुमचं वादळ कामशेतात भजी खात बसलं असंल."

"वर लय पडतोय."

"पडला की उस्मानभाऊ खिंडीतनं हाळी देतो. आमी उलट हाळी देतो आन् निघतो. सासऱ्याच्या येळेपास्नं असंच हाय. हाळी कुटं आली?"

हाळी देणे चालू होते. वरच्या वाडीचे उस्मानभाई खिंडीत उभे राहून ओरडत होते. वारा खालून वर वाहत होता. आवाज उलटा त्यांच्याच वाडीकडे जात होता. शेलारने हे सेटवर कळवले.

"त्यांना हँडसेट दे," मी म्हटले. "बटण तू दाबून धर. ओव्हर."

मी माझा हँडसेट सुंदराबाईंच्या कानाला लावला. आधी पावसाचा आवाज आला. मग लांबवलेली हाळी.

"ओ खालचीऽऽ! व्हा भायेरऽऽ!"

सुंदराबाईंनी सूप खाली ठेवले.

"उस्मानभाऊच हाय. इतका बेसूर दुसरा कोन न्हाई. कुटं दाबायचं?"

मी बटण दाखवले. त्यांनी उलट हाळी दिली. वारा त्यांच्या बाजूने होता.

"मिळाली," शेलार म्हणाला. "सेटविनाही ऐकू आली. ओव्हर."

वाडी उठली. आम्ही साकवाच्या दोन्ही बाजूंना दोर बांधले. आधी लेकरे आणि म्हातारी माणसे, मग बाकीचे, मग शेळ्या. शेलारने उस्मानभाईंना घरी पाठवले. सुभेदार साहेबांनी माझ्या हातून हँडसेट घेतला.

"शेलार, तूही खाली उतर. ओव्हर."

"सर, इथून ओढ्याचं वळण दिसतं. माणसं पार होऊ देत. ओव्हर."

अर्ध्याहून जास्त माणसे पलीकडे गेली होती. ओढ्याचे पाणी लाल झाले होते, पण साकवाखालीच होते. सुंदराबाई सर्वांच्या मागे होत्या. त्या साकवावर चढल्या तेव्हा शेलार पुन्हा बोलला.

"लोंढा निघाला. साकव मोकळा करा. आत्ता. ओव्हर."

मी त्यांना दंडाला धरून पलीकडे ओढले. थोड्याच वेळात लोंढ्याने साकव नेला. खालच्या घरांच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढले. शाळेत मोजणी झाली. सगळे हजर होते.

"खाली सगळे सुखरूप. ओव्हर," मी कळवले.

उत्तर आले नाही. मी पुन्हा कळवले. खिंडीचा उतार घसरला होता.

शेलार दुसऱ्या दिवशी सापडला. सेट पाठीवर होता. दोन्ही वाड्यांची माणसे आमच्याबरोबर माती उपसत होती. उस्मानभाई त्याला रस्त्यापर्यंत खांदा देऊन आले.

साकवाच्या जागी आता पक्का पूल आहे. खिंडीत लोखंडी खांबावर कर्णा बसवला आहे. त्या जागेला दोन्ही वाड्या नायकाची खिंड म्हणतात.

निवृत्तीनंतर मी कामशेतला राहतो. यंदा समुद्रात पुन्हा वादळ होते. त्या दिवशी मी खालच्या वाडीत होतो. ऊन पडले होते. नायकाच्या खिंडीतून कर्ण्यावर हाळी आली. सुंदराबाईंनी उलट हाळी दिली. माणसे पुलापार गेली. पाणी त्यानंतर आले.