करंगळीकडची धमनी

सोलापुरात राहणाऱ्या, सोलापुरात लग्नाला आलेल्या किंवा निव्वळ गाडी चुकली म्हणून स्टेशनात दोन तास अडकून पडलेल्या कोणाही माणसाचं मनगट माझ्या आतोबांच्या तावडीतून सुटलं असेल, असं मला वाटत नाही. लोक भेटले की नमस्कार करतात, पानाचा डबा पुढे सरकवतात, पाऊसपाण्याचं विचारतात. आतोबा म्हणत, "मूठ वळा." समोरच्याने गोंधळून मूठ वळली की ते आपल्या दोन अंगठ्यांनी त्याचं मनगट दोन्ही बाजूंनी आवळत आणि मग मूठ उघडायला लावत. तळहात पांढराफटक पडलेला असे. तो बिचारा त्याकडे घाबरून बघत असतानाच आतोबा करंगळीच्या बाजूचा अंगठा हळूच उचलत, आणि तळहातावर लाली पसरत जाई. मग ते विजयी मुद्रेने सांगत की, सारं जग अंगठ्याकडची नाडी बघतं, पण हात खरा कोण सांभाळतंय ते आता कळलं का? एवढं झाल्यावर ते त्या माणसाचं नाव विचारत. तोवर नाव सांगण्याच्या मनःस्थितीत तो क्वचितच राहिलेला असे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पण हे पोटापुरतं. तरुणपणी ते डॉक्टर व्हायला मुंबईला गेले होते आणि पहिल्याच मोठ्या परीक्षेत गचकले होते. तोंडी परीक्षेत साहेबाने विचारलं की, तळहाताला रक्त कोण पुरवतं. आतोबांनी अंगठ्याकडची धमनी सांगितली. साहेब म्हणाला, आणखी? आतोबांना आणखी काही आठवेना. साहेबाने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, तरी आठवेना. संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर, कल्याणच्या आसपास, करंगळीकडची धमनी आठवली. तेव्हा साहेब जेवायला बसला असेल. त्या दिवसापासून आतोबांनी त्या बाईचं वकीलपत्र घेतलं. बाई हा शब्द त्यांचाच. धमन्यांबद्दल ते नेहमी नात्यातल्या बायकांसारखं बोलत. दंडातून एक उतरते, कोपरापाशी तिच्या दोन होतात, एक अंगठ्याच्या अंगाने जाते, दुसरी करंगळीच्या, आणि तळहातात पोचल्यावर दोघी कमानी टाकून एकमेकींना मिळतात. पैकी थोरली मिरवते, वैद्य तिचीच विचारपूस करतात, आणि धाकटी मुकाट्याने अर्ध्याहून अधिक काम उपसते. हे सांगताना ते स्वतःचंच मनगट कुरवाळत. आत्या पलीकडे भाकरी थापत असे. आपल्याबद्दल हा माणूस आयुष्यात इतका कळवळून कधी बोलला नाही, हे तिच्या थापण्याच्या आवाजावरून आम्हाला कळे.

शाळेत त्यांनी मुलांना आंबा, कमळ, कलश यांतलं काही शिकवलं असेल तर ते चुकून. फळ्यावर कायम तांबड्या खडूने कोपरापासून बोटांपर्यंतचा हात असे. एकदा डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि मुलांना म्हणाले, मनात येईल ते चित्र काढा. सगळ्या वर्गाने एकच चित्र काढलं. खाली एक खोड, त्याच्या दोन फांद्या, वर जाऊन फांद्यांची कमान आणि कमानीतून निघालेले पाच डिरे. डिप्टीसाहेबांनी शेऱ्यात लिहिलं की मुलांचा झाडांचा अभ्यास उत्तम आहे, मात्र पानं दाखवलेली नाहीत. आतोबा महिनाभर त्या शेऱ्यावर खूश होते. त्यांना त्यातली कमान साहेबांच्या नजरेत भरली एवढंच दिसलं होतं.

आमच्या गल्लीतल्या वैद्यबुवांशी त्यांचं उघड वैर होतं. वैद्यबुवा रोग्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटत, आणि आतोबा उंबऱ्यावर उभे राहून विचारत की, बुवा, उरलेला हात कधी तपासणार? जेवताना आमटी ताटात सांडली तर ती पुसायला कोणाची छाती नव्हती. आतोबा भाकरीच्या तुकड्याने ती दोन ओहोळांत वळवत आणि शेंगाचटणीच्या ढिगाशी नेऊन दोन्हींची गाठ घालत. हे सारं मी हसत बघत आलो होतो. माझं हसू आटलं ते फक्त एकदा. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो होतो. मुलगी नाकीडोळी नीटस होती, पोहे चांगले झाले होते, आणि बोलणी रंगात आली असताना आतोबा मुलीच्या वडिलांना म्हणाले, "मूठ वळा." त्या गृहस्थांचा हात पांढरा पडला तो पडला, पण घामाने ओले होऊन ते जे आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. दोन दिवसांनी निरोप आला की मुलाकडच्या मंडळींत कोणी करणी करणारं आहे. माझं लग्न पुढे दोन वर्षं लांबलं. आतोबांना याचं वाईट वाटलं. त्या गृहस्थांची करंगळीकडची धमनी फार सुंदर होती आणि आता पुन्हा बघायला मिळणार नाही, म्हणून.

असा हा माणूस. यांच्या हाती कोणी खराखुरा हात सोपवील, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण तसं एकदा झालं, आणि मी तिथे होतो.

वैशाखातली दुपार होती. आत्याला लुगडं विणून हवं होतं, म्हणून आतोबा आणि मी भवानी पेठेत मल्लय्याकडे निघालो होतो. मल्लय्या पद्मसाळी विणकर, तेलुगू घरातला. त्याचा माग घरातच होता आणि आत्याची सगळी लुगडी तोच विणी. आम्ही पोचलो तेव्हा माग बंद होता. मल्लय्या भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचा उजवा हात उशीवर ठेवला होता. वळवाचा पाऊस येण्याच्या आत छपराचा पत्रा बसवताना पत्रा सरकला आणि मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, खोल कापलं. ही सकाळी दहाची गोष्ट. रक्ताची चिळकांडी उडाली तेव्हा घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी जे हाताशी होतं ते वापरलं. खळ लावलेल्या ताण्याच्या सुताचे दहा-बारा वेढे मनगटाच्या वर आवळून घातले आणि विणकराची गाठ मारली. ती गाठ ओढाल तितकी बसते, सुटत नाही. रक्त थांबलं. त्यांचं जन्माचं कसब कामी आलं होतं, आणि त्याचा अभिमान सगळ्यांच्या तोंडावर होता. मल्लय्याचा मेहुणा आम्हाला सांगत होता की आता काळजी नाही, दुखायचंसुद्धा थांबलंय.

हे ऐकून आतोबा खाली बसले. त्यांनी मल्लय्याचं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं झालेलं नख पांढरंच राहिलं. सगळा हात निळसर, आणि त्या उन्हाळ्यात मडक्यासारखा गार होता. बोटं हलव म्हटल्यावर मल्लय्याने बोटांकडे बघितलं, पण ती हलली नाहीत.

आतोबांनी गाठ कापायला सांगितली. मेहुणा मध्ये आला. "डॉक्टर दवाखान्यात पाचला येतोय म्हनं. तवर गाठीला हात लावायचा न्हाई. रगात थांबलंय की."

त्याचं चुकत नव्हतं. चार तासांपूर्वी त्याने मरणारा माणूस वाचवला होता, आणि आता एक ड्रॉइंग मास्तर ते उलटवायला सांगत होता. मीही आतोबांच्या कोटाची बाही ओढली. म्हटलं, चला, हे आपलं काम नाही. हा विणकराचा उजवा हात होता. तो गेला तर माग गेला, आणि रक्त पुन्हा सुटलं तर माणूस. आतोबांनी माझ्याकडे बघितलं आणि माझाच हात धरला. मूठ वळा म्हणाले नाहीत, स्वतःच वळली. दोन्ही बाजू दाबल्या. मग मेहुण्याला नाही, तर दाराशी उभ्या असलेल्या मल्लय्याच्या बायकोला जवळ बोलावलं आणि माझा पांढरा तळहात तिला दाखवला.

"अंगठ्याकडची तुटलीय," ते म्हणाले. "ही दुसरी जिवंत आहे. पण तुम्ही दोघींनाही बांधलंय. पाचपर्यंत हा हात राहणार नाही." आणि त्यांनी करंगळीकडचा अंगठा उचलला.

ती माझ्या तळहाताकडे बघत राहिली. लाली बोटांपर्यंत चढली तेव्हा तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याच्याशी तेलुगूत दोन शब्द बोलली, आणि मागावर सूत कापायची पात घेऊन आली.

आतोबांनी आपला एक अंगठा जखमेच्या वर ठेवला आणि एक खाली, तळहाताच्या बाजूला. खाली कशाला, असं मी विचारलं. तळहातातल्या कमानीतून रक्त उलटं येतं, वरून दाबून भागत नाही, असं ते पुटपुटले. त्यांची हनुवटी थरथरत होती. अंगठे मात्र स्थिर होते. मल्लय्याच्या बायकोने एकेक वेढा कापला. शेवटचा तुटला तेव्हा जखमेतून थोडं रक्त आलं, मेहुण्याने डोळे मिटले, आतोबांनी वरचा अंगठा किंचित सरकवला आणि रक्त थांबलं. पुढे बराच वेळ काहीच झालं नाही. मग करंगळीच्या मुळाशी तांबूस ठिपके आले. तिथून लाली तळहातात पसरली, आणि सगळ्यात शेवटी अंगठ्यात पोचली. मल्लय्या ओरडला. हात दुखायला लागला होता. त्याचं ओरडणं ऐकून त्याची बायको रडली, आणि आतोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

टांगा आणला. दवाखान्यापर्यंत आतोबांनी अंगठे हलवले नाहीत. वाटेत त्यांची टोपी उडाली, धोतराचा सोगा चाकाशी लोळत होता, आणि भर बाजारातून दोन माणसं एकमेकांचे हात धरून चाललेली बघून लोक हसत होते. डॉक्टर पाचला आले. त्यांनी धमनीची दोन्ही टोकं बांधली, हाताचा रंग बघितला आणि आतोबांना विचारलं की, आपण कुठे शिकलात? मी पुढे होऊन सांगणार होतो. आतोबा म्हणाले, "मी ड्रॉइंग मास्तर आहे," आणि टोपी शोधायला बाहेर गेले.

हात वाचला. अंगठ्याची पकड थोडी कमी झाली, थंडीत बोटं दुखत, पण दिवाळीच्या आत मल्लय्या मागावर बसला. मला वाटलं, आता आतोबांना आवरणं कठीण. सोलापुरातलं एकही मनगट सुटणार नाही. झालं भलतंच. त्यांनी घरी अवाक्षर काढलं नाही. आत्याला ही हकीकत मल्लय्याच्या बायकोकडून कळली. आणि त्यानंतर आतोबांनी कोणाचाच हात धरला नाही. वैद्यबुवांच्या उंबऱ्यावर जायचे थांबले. शाळेच्या फळ्यावर आंबा आला. इतकी वर्षं ज्याला कंटाळलो होतो, त्याच्याशिवाय घर सुनं वाटायला लागलं. आत्याने एकदा मुद्दाम त्यांच्या ताटात आमटी सांडली. त्यांनी ती भाकरीने पुसून खाल्ली.

पुढच्या थंडीत एका संध्याकाळी आम्ही तळ्याच्या काठाने चाललो होतो. मी नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हटलं की, आतोबा, तुमच्या त्या बाईचा खटला तुम्ही जिंकलात, मग वकिली का सोडलीत? ते हसले नाहीत.

"इतकी वर्षं वाटायचं, साहेबाने नापास केलं ते योग्यच केलं," ते म्हणाले. "प्रसंग आला असता तर माझा हात थरथरला असता, असंच मी धरून चाललो होतो. त्यावर माझं बरं चाललं होतं." मग थांबून म्हणाले, "माझा हात थरथरला नाही रे."

थंडी वाजत होती. त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि आम्ही घराकडे वळलो.