दोन लाल ठिपके

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाच्या भिंतीवर माझा एक कागद लागणार की नाही, यावरून मी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी चारचौघांत भांडलो. त्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन, आणि आवाज तेव्हापेक्षा जरा चढाच असेल.

मी ड्राफ्ट्समन. मुसफ्फातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढत आयुष्य गेलं. अबुधाबीत आलो तेव्हा कागद ट्रेसिंगचा होता, पेन शाईचं होतं आणि चूक झाली की ती ब्लेडने खरवडून काढावी लागे. मग कॉम्प्युटर आले. माझा बोर्ड स्टोअरमध्ये गेला, तिथून भंगारात जाणार होता, तो मी पिकअपमध्ये घालून मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी आणला. कपडे वाळत घालायच्या खोलीत तो उभा आहे. बायकोला दोरीपर्यंत जायला अंग तिरकं करून सरकावं लागतं, आणि ती ते रोज बोलून दाखवते. ऑफिसात आता मी पोरांची ड्रॉइंग तपासतो. मला काढायला कुणी सांगत नाही.

मंडळ म्हणजे दहा-बारा मराठी कुटुंबं. शनिवारी संध्याकाळी अध्यक्षांच्या व्हिलात जमायचं, चहा-पोहे व्हायचे, मग आकाशाच्या गप्पा. अध्यक्ष बँकेत आयटी मॅनेजर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस मनाचा चांगला. यंदा शाळेतल्या मुलांसाठी प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि त्यांनी कुठून तरी एकोणिसाव्या शतकातल्या दोन खगोलशास्त्रज्ञांच्या पत्रव्यवहाराच्या प्रती मिळवल्या. विषय एकच होता: एक जुळा तारा. दोन सूर्य एकमेकांभोवती फिरतात, त्यांची एक फेरी किती वर्षांची, हे गणिताने काढायचं. त्या पत्रांतली मोजमापं घेऊन आपणही फेरी काढायची असं ठरलं. पत्रांचं अक्षर इतकं गिचमिड होतं की कुणी हात लावेना. शेवटी ती माझ्या गळ्यात पडली.

माझ्या मुलीने अक्षर लावून दिलं आणि मी वाचत गेलो. त्या दोघांतला एक म्हातारा, एक तरुण. तरुणाचा भर बीजगणितावर. म्हातारा त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता की आधी कागदावर मांड. आडवी वर्षं घे, उभा कोन घे, म्हणजे एका ताऱ्यापासून दुसरा कुठल्या दिशेला दिसतो ते. ठिपके दे, आणि मग त्यांच्यामधून हाताने एक सलग रेघ काढ. प्रत्येक ठिपक्याला शिवायला जाऊ नकोस, कारण ठिपके दुर्बिणीवर बसलेल्या थकलेल्या माणसाचे आहेत. रेघ जिथे जास्त उभी चढते, तिथे तारा जवळून वेगात गेला असं समज. गणित त्यानंतर.

मी ते पान तीनदा वाचलं. एवढा मोठा विद्वान हातावर विश्वास ठेवायला सांगत होता. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात शुक्रवारी बोर्ड पुसला आणि कागद लावला.

तीस वर्षांचे ठिपके होते. बहुतेक सगळे एका लयीत वर चढत होते. फक्त दोन, तरुणाने एकाच हिवाळ्यात घेतलेले, रेघ सोडून पार वर जाऊन बसले होते. दोन्ही वेळा फरक जवळजवळ एकशे ऐंशी अंशांचा, म्हणजे बरोबर उलट दिशा. मला हसू आलं. साइटवरचा फिटर कधी कधी डक्टचं माप भलत्या टोकाकडून घेतो, माप बरोबर असतं आणि तुकडा उलटा बसतो. हे दोन्ही तारे तेजाने सारखेच होते. त्या हिवाळ्यात तरुणाने चुकून दुसऱ्याच ताऱ्यापासून कोन मोजला होता. म्हाताऱ्याने नेमकं हेच त्याला कळवलं होतं. तरुणाने मानलं नाही, आणि तिथे पत्रं संपत होती.

मी ते दोन ठिपके होते तिथेच ठेवले, लाल शाईत. त्यांच्यापासून खाली, ते असायला हवेत तिथे, दोन बाण काढले आणि रेघ तिथून नेली. फेरी आली चोपन्न वर्षांची.

शनिवारी कागद घेऊन गेलो तर भिंतीवर आधीच एक रंगीत प्रिंट झळकत होता. अध्यक्षांनी तेच आकडे प्रोग्रॅममध्ये घातले होते. त्यात तारा मधेच सुसाट सुटून अर्धी फेरी मारून परत रेंगाळत होता.

"काका, तुमचं पण लावू या ना," अध्यक्ष म्हणाले. "खाली लिहू, जुनी पद्धत. फक्त तुमचा आन्सर नको, मुलं कन्फ्यूज होतील."

"उत्तर चुकलंय ते तुमच्या प्रिंटचं," मी म्हटलं. "हे दोन ठिपके उलटे आहेत."

"काका, डेटा इज डेटा. त्याला आपण हात नाही ना लावू शकत."

"मी हात लावलेलाच नाही. होते तिथेच आहेत, लाल. मी फक्त बाण काढलाय, आणि तो का काढला ते विचारा मला."

"अरे, बारकी गोष्ट आहे. खलास, दोन्ही लावू. यल्ला, चला, चहा घ्या."

मला कुणी चहा घ्यायला सांगितला की समजावं, डाळ शिजायची नाही. तीस वर्षं साइट मीटिंगमध्ये हेच ऐकलंय. मी कागदाची गुंडाळी करायला घेतली. "उत्तराशिवाय माझी रेघ शोभेची वस्तू म्हणून लागणार नाही," मी म्हटलं. बायको माझ्याकडे असं बघत होती की घरी गेल्यावर माझं काही खरं नव्हतं.

तेवढ्यात मुलगी उठली आणि अध्यक्षांना म्हणाली, "अंकल, जस्ट फ्लिप दोज टू अँड रन इट अगेन. इट्स टेन सेकंड्स."

दहा सेकंदांत स्क्रीनवर एक शांत, सलग वळण आलं. फेरी बावन्न वर्षांची. मुलीने माझा कागद स्क्रीनशेजारी धरला. एकाच माणसाने दोनदा काढल्यासारखं दिसत होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते मी लपवलंही नाही.

"वा काका! मानलं," अध्यक्ष मनापासून म्हणाले. "मग आता हा नवा प्रिंट काढतो. ॲक्युरेट पण आहे, तुमचा दोन वर्षांनी ऑफ आहे."

आता मात्र माझं डोकं फिरलं.

"त्या प्रोग्रॅमला ठिपके उलटे आहेत हे कुणी सांगितलं?" मी विचारलं. "दोन वर्षांनी चुकलो असेन. ती दोन वर्षंही माझीच. हा कागद लागेल तर चोपन्नच्या आकड्यासकट, लाल ठिपक्यांसकट लागेल. शेजारी तुमचा बावन्नचा लावा. खाली लिहा, हाताने काढलं, चूक असल्यास काढणाऱ्याची."

अध्यक्षांनी भिंतीवरचा जुना प्रिंट स्वतःच्या हाताने उतरवला. "लावा काका," एवढंच म्हणाले.

चारही कोपऱ्यांना टेप मीच लावली. मागे सरून मुलीने मान कलती केली. "बाबा, इट्स अ बिट टिल्टेड."

"कागद सरळ आहे," मी म्हटलं. "भिंत तिरकी आहे."

सगळे हसले. मी खिशातली छोटी लेव्हल, म्हणजे पाणसळ, काढून कागदाच्या कडेला धरली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला.