धुतलेली पिंपं

अंधेरीच्या एमआयडीसीत माझ्या मोठ्या बहिणीचा प्लेटिंगचा कारखाना आहे. नळांना, कड्याकोयंड्यांना चकाकी चढवायची, हा धंदा. मी तिथे पॅकिंग बघते आणि तोंड जास्त चालवते. प्लेटिंगमधून उरणारं पाणी विषारी असतं, ताई त्याचा एक थेंब गटारात जाऊ देत नाही. मागच्या शेडमध्ये आम्लाची पिंपं एका भिंतीला, सायनाइडची दुसऱ्या भिंतीला, प्रत्येकावर चिठ्ठी. दोन्ही एकत्र आली तर जीवघेणा वायू सुटतो. पिंपं न्यायला परवानाधारक गाडी येते. या सगळ्याला मी ताईचं सोवळं म्हणायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला कामगारांनी हौसेने कारखाना धुऊन काढला. मशिनं पुजायची तर शेडही स्वच्छ हवी, म्हणून पिंपं बाहेर काढली, साबणाने घासली आणि झेंडूच्या माळा घालून एका ओळीत मांडली. दिसत होती झकास. चिठ्ठ्या मात्र साबणाबरोबर वाहून गेल्या होत्या.

गाडी दुपारी यायची होती. दसऱ्यानंतर लगेच आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा होता, आणि पिंपं हलल्याशिवाय नव्या सांडपाण्याला जागा नव्हती, म्हणजे काम पुढे सरकणार नव्हतं. वाट लागली होती. मी ताईला म्हटलं, "कडेची दोन जुनी पिंपं आम्लाचीच आहेत, मला पक्कं माहितीय. त्यांना तरी लाव ना चिठ्ठ्या, तेवढी गेली तरी काम चालू होईल."

ती बराच वेळ त्या दोन पिंपांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अंदाज भाजीतल्या मिठाचा करतात गं. गाडीवरची माणसं मरतील."

तिने गाडी परत पाठवली, काम बंद केलं, पिंपांजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. वर प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसला स्वतःच फोन करून झालं ते सांगितलं. आपणहून पायावर धोंडा पाडून घेतेयस, म्हणून मी तिच्यावर भडकले. घासणारे कामगार माना खाली घालून उभे होते. त्यांना ती ओरडली नाही, पूजा झाल्यावर सगळ्यांना प्रसाद वाटला. गिऱ्हाइकालाही तिने खरं तेच सांगितलं. तो थांबायला तयार नव्हता.

दसऱ्यानंतर प्रयोगशाळेचा माणूस मास्क लावून आला आणि त्याने एकेक पिंप तपासलं. माझ्या त्या दोन पिंपांपैकी एक आम्लाचं निघालं, दुसरं सायनाइडचं.

बाहेर गिऱ्हाइकाचा टेम्पो आमच्याकडे प्लेटिंगला दिलेले नळ परत भरून दुसऱ्या कारखान्याकडे निघाला होता. ताईने तिकडे पाहिलंही नाही. ती स्टुलावर बसून त्या दोन पिंपांकडेच बघत होती. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"नको गं," ती म्हणाली. "तू इतक्या खात्रीने सांगत होतीस, मी हो म्हणणारच होते."