अश्विनीचा पाय आणि रामटेक्यांचा हात

सायकलवाल्यांचे किस्से चहाबरोबर वाढत जातात. पाच मिनिटांची गोष्ट चौथ्या कपाला अर्ध्या तासाची होते! इकडे उत्तरेत, हिंदी मुलखातला आमचा इंदिरा नगरचा रविवारचा ग्रुपही तसलाच. मी त्यातला सगळ्यात म्हातारा, बँकेतून रिटायर झालेला. पण अश्विनीचे किस्से मी वाढवत नाही. गरजच पडत नाही.

अश्विनी रामटेके. वडील सरकारी ऑफिसात, मूळ भंडाऱ्याचे. नवव्या वर्षी अपघातात तिचा डावा पाय मांडीपासून गेला. ती एका पायाने सायकल चालवते आणि रेसआधी नकली पाय काढून माझ्या पिशवीत टाकते. मराठी सगळं समजतं तिला, पण बोलते हिंदीत. चिडली की मात्र मराठीत!

तिला इंडिया टीममध्ये जायचं होतं. वडिलांनी, म्हणजे रामटेक्यांनी, बजावलं होतं, "या वर्षी निवड नाही झाली तर सायकल बंद. बँकेच्या परीक्षेला बसायचं."

*

ग्रुपमध्ये एक नवे साहेब आले. चकचकीत जर्सी, महागडी सायकल. अश्विनीला म्हणाले, "बेटा, तुम पीछे-पीछे आराम से आना."

शहराबाहेर बख्शी का तालाबच्या टपरीवर साहेब घामाघूम होऊन पोहोचले, तेव्हा अश्विनीचा दुसरा चहा चालू होता.

"भैया, आपके लिए भी बोल दूँ?"

*

सायकलचे बूट जोडीनेच मिळतात. हिला लागतो फक्त उजवा! शेवटी झाशीचा एक खेळाडू सापडला. त्याला उजवा पाय नाही, आणि माप तेच. दोघं मिळून एक जोडी घेतात.

गेल्या स्पर्धेत उजव्या बुटाला सुवर्ण मिळालं, डाव्याला रौप्य.

*

दरवर्षी अपंगत्वाचा दाखला लागतो. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "ये तो पिछले साल का है. नया लाइए."

अश्विनी शांतपणे म्हणाली, "सर, अभी तक उगा नहीं है."

*

एकदा चारबाग स्टेशनला गाडीतून उतरलो. तिचा जुना नकली पाय, अडीअडचणीला असतो तो, माझ्या पिशवीतून बुटासकट बाहेर डोकावत होता. हमाल दोन पावलं मागे सरकला.

"बाबूजी, बाकी कहाँ है?"

मी पुढे बोट दाखवलं. "वो जा रही है, साइकिल लेके!"

*

आता निवडीची रेस. यात एकेक मुलगी सुटते, जिची वेळ सगळ्यात कमी ती पहिली. जागा एकच. एका पायावर तोल सांभाळून सुटता येत नाही, म्हणून मागून कुणीतरी सीट धरायची आणि शिट्टी झाली की सोडायची. हे काम माझं. पण त्या सकाळी माझी कंबर धरली आणि रामटेके पुढे आले.

"मी धरतो. लहानपणी मीच धरत होतो."

पाच, चार, तीन, दोन, एक. शिट्टी!

सायकल जागची हलेना. रामटेक्यांनी सीट घट्ट धरलेली, डोळे मिटलेले!

"बाबा, सोडा! सोडा ना!"

सोडली. पण दोन-तीन सेकंद गेले ते गेलेच. अशा रेसमध्ये तेवढ्यात निवड हुकते. रामटेके रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "मीच बुडवलं पोरीला," एवढंच म्हणत राहिले.

ती परत आली. आम्ही स्कोअरबोर्डकडे बघायचं टाळत होतो. मग माइकवर नाव आलं. अश्विनी रामटेके, पहिली! मी म्हातारा, कंबर विसरून नाचलो!

तिचा पाय घेऊन मी पोडियमकडे धावलो, पण ती बापाच्या खांद्यावर हात टाकून एका पायाने उड्या मारत वर पोहोचलीसुद्धा. रामटेक्यांनी तिचा दंड दोन्ही हातांनी धरलेला. फोटोग्राफर खोळंबला. आयोजक म्हणाले, "अंकल, अब तो छोड़ दीजिए."

अश्विनी म्हणाली, "नहीं सर, रहने दीजिए."

फोटोत पहिल्या नंबरच्या पायरीवर दोघं उभे आहेत.