वहाबभाईंच्या गच्चीवरचं ऊन

पनवेलच्या त्या गल्लीत सोलरवर बोलायचा मक्ता वहाबभाईंनी स्वतःकडे घेतला होता. उभं आयुष्य कुवेतमध्ये एसी दुरुस्त करण्यात गेलेलं, तेव्हा आपल्याला कळतं असं म्हणायचा हक्क आपलाच, असं त्यांना वाटे. शेजारच्या शोभाताईंच्या गच्चीवर सोलरचा बंब होता. "आंघोळीपुरता सूर्य ठेवलाय तुम्ही," असं म्हणून ते त्यांना चिडवत. नेऱ्याच्या एका फार्महाउसवर सोलरचा पंप बघून आले, तेव्हा म्हणाले, "ते शेतीचं काम. मला घर चालवायचंय."

घर म्हणजे त्यांची बायको हलीमा. तिची फुप्फुसं थकली होती आणि तिच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन सतत घरघरत असे. लाईट गेली की मशीन गप्प आणि वहाबभाईंची ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे धाव. सोलर घ्यायचं ठरलं ते एवढ्यासाठीच.

बसवणाऱ्या निनादनं नीट समजावलं होतं. ऑनग्रिड बाहेरच्या लाईनला जोडलेलं असतं, बिल कमी करतं, पण लाईन गेली की तेही बंद. ऑफग्रिड बॅटरीवर चालतं. हायब्रिडमध्ये लाईनही असते आणि बॅटरीही. "चाचा, चाचींसाठी बॅटरीवालंच घ्या," तो म्हणाला. पण बॅटरी म्हटलं की वहाबभाईंच्या नाकात जुन्या इन्व्हर्टरच्या ॲसिडचा वास शिरे. तो वास हलीमाच्या छातीत? तौबा. आता तशा बॅटऱ्या नसतात, असं निनाद परोपरीनं सांगत होता. पण ऐकतो कोण?

"रात्री लाईट गेली तर सिलिंडर आहे. दिवसा ऊन असताना बंद कसं पडेल? सूर्य काय वीज मंडळाचा नोकर आहे?" असं म्हणून त्यांनी ऑनग्रिड घेतलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाईट गेली. मशीन थांबलं. आता सोलर काम हाती घेईल, म्हणून वहाबभाई निवांत बसून राहिले. सोलरनं काही घेतलं नाही. मग धावाधाव करून त्यांनी सिलिंडरची नळी लावली. आदल्या रात्री लाईट गेल्यावर वापरलेल्या त्या सिलिंडरचा काटा तळाला टेकत आला होता.

त्यांनी निनादला फोन लावला. "चाचा, ते बिघडलेलं नाही. ते बंद पडायलाच हवं," तो म्हणाला. "लाईनवर माणूस चढलेला असतो. तुमची वीज मागं गेली तर तो जागच्या जागी जाईल. मी वाटेत भरलेला सिलिंडर घेऊन येतो, पण आत्ता इथं ट्रॅफिकमध्ये अडकलोय."

वहाबभाई गच्चीवर धावले. पॅनेलना हात लावता येत नव्हता, इतकं ऊन. समोरच्या खांबावर वायरमन चढला होता, उघड्या हातांनी तार जोडत होता. घाई कर, असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घाईत त्याचा हात चुकला तर? शिवी तरी कुणाला द्यायची? आपल्याइतका नालायक माणूस या गल्लीत नाही, असं त्यांना वाटलं आणि ते खाली आले.

सिलिंडरचा काटा शून्यावर गेला होता आणि हलीमाच्या ओठांवर निळसर छटा आली होती. "आली काय लाईट?" तिनं विचारलं.

"येतेय."

"तुम्ही बसा. धापा टाकताय."

ते तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर स्वतःही जोरानं श्वास ओढू लागले. दुसरं काही करता येण्यासारखं उरलंच नव्हतं.